वाचकांचे प्रश्न : नवी बोट, एक गळ आणि सॅल्मन

सिअ‍ॅटल, व्हँकुव्हर आणि टोरांटो परिसरातल्या बऱ्याच मराठी घरांत आता छोटी बोट आली आहे. त्यामुळे सॅल्मनच्या ट्रोलिंगबद्दलचे प्रश्न आमच्याकडे सतत येत असतात. ट्रोलिंग म्हणजे संथ चालणाऱ्या बोटीमागून आमिष ओढत नेणे. आपल्या किनाऱ्यावरचा ट्रॉलर जाळे ओढतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. वेगळा उल्लेख नसेल तिथे उत्तरे वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यासाठी आहेत.

प्रश्न : 18 फुटी जुनी बोट घेतली आहे, मागे 115 हॉर्सपॉवरचे इंजिन. बोटीसोबत दोन इलेक्ट्रिक डाउनरिगर, चार रॉड आणि आमिषांचे दोन मोठे डबे मिळाले. यातले नेमके काय वापरायचे आणि सुरुवात कुठून करायची? (एक वाचक, बेलव्ह्यू)

उत्तर : पहिल्या चार-पाच फेऱ्यांत एकच डाउनरिगर आणि एकच रॉड वापरा. बाकीचे सामान घरीच राहू द्या. दोन दोऱ्या पाण्यात असताना नवख्या माणसाने वळण जरा घट्ट घेतले की गुंता होतो. तो सोडवण्यात अर्धा तास जातो, आणि पहाटेचा अर्धा तास म्हणजे दिवसाची सगळ्यात चांगली वेळ.

डाउनरिगर ही एक चरखी असते. तिच्यावरच्या पोलादी तारेच्या टोकाला 12 ते 15 पौंडांचा शिशाचा गोळा असतो. रॉडची दोरी एका क्लिपने या तारेला अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि मग मासा व तुम्ही यांच्यामध्ये वजन उरत नाही. 10 पौंडांचा गोळाही चालतो, पण तो प्रवाहात फार मागे वाहतो. सुरुवातीला 12 पौंडांच्या खाली जाऊ नका.

रॉड 9 ते 10 फुटांचा, मध्यम लवचीक. रीळ शक्यतो किती फूट दोरी गेली ते दाखवणारे असावे. त्यावर 25 किंवा 30 पौंडी तंगूस भरा. विणलेली दोरी बारीक आणि मजबूत असते, पण काही क्लिपांमधून ती सरकते. तंगूस तिथे चांगला धरतो आणि थोडा ताणला जात असल्याने नवख्याच्या चुकाही पोटात घालतो.

खाली सोडण्याचा क्रम बदलू नका. बोट आधी चालती हवी, गिअर पुढे टाकलेला. आमिष आणि फ्लॅशर (आमिषाच्या पुढे दोरीवर फिरणारी चकचकीत पट्टी) बोटीच्या बाजूला पाण्यात धरून नीट फिरतात का ते डोळ्यांनी बघा. मग 15 ते 25 फूट दोरी मागे जाऊ द्या, दोरी क्लिपमध्ये अडकवा, रिळावर अंगठ्याचा हलका दाब ठेवा आणि गोळा सावकाश खाली सोडा. धडाधड सोडला तर फ्लॅशर गोळ्याच्या तारेभोवती गुंडाळला जातो आणि तुम्ही तासभर काहीच न ओढता फिरत राहता. हव्या खोलीवर पोचल्यावर रॉड होल्डरमध्ये ठेवा आणि त्याचे टोक चांगले वाकेपर्यंत रीळ फिरवा. हा बाक असल्यानेच दोरी सुटताक्षणी ढील आपोआप ओढली जाते.

तुमच्या इंजिनाची एक अडचण येणार आहे. 115 हॉर्सपॉवरचे इंजिन अगदी कमीत कमी फेऱ्यांवरही (आरपीएम) हलक्या बोटीला सॅल्मनसाठी लागते त्यापेक्षा जोरात नेऊ शकते. उपाय दोन. बाजूला 9.9 हॉर्सपॉवरचे छोटे इंजिन बसवायचे, ज्याला इथे किकर म्हणतात. किंवा पाण्यात ओढायची कापडी पिशवी बोटीच्या बाजूला बांधायची, ती बोटीला मागे धरून ठेवते. पिशवी स्वस्त पडते, पण वेग वाढवण्याआधी ती वर घ्यायचीच. तिची दोरी पंख्यात गेली तर मुख्य इंजिनच बंद पडते. आम्ही किकरच्या बाजूने आहोत, कारण मोठे इंजिन बिघडले तर त्याच्यावर परत येता येते.

इलेक्ट्रिक डाउनरिगर बॅटरी बरीच खातो. त्याला वेगळी बॅटरी द्या, इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर ठेवू नका.

पहिली फेरी मासे मिळवण्यासाठी काढू नका. 100 फूट खोल सपाट तळाची मोकळी जागा बघा आणि तिथे गोळा खाली-वर करण्याचा, रुंद वळणे घेण्याचा सराव करा.

प्रश्न : पझेशन बारवर (समुद्रतळाच्या उंचवट्यावर) शिनूक सॅल्मनसाठी जातो. जीपीएसवर 2.8 मैलांचा वेग काटेकोर ठेवतो, काउंटरवर 120 फूट लावतो. तरी आमच्या आजूबाजूच्यांना मासे लागतात आणि आम्हाला नाही. आमिष बदलून बदलून दमलो. (एक वाचक, एव्हरेट)

उत्तर : आमिष बदलणे थांबवा. तुमचा वेगही चुकतो आहे आणि खोलीही. दोन्ही आकडे पडद्यावर बरोबर दिसतात म्हणूनच शंका येत नाही.

आधी वेग. जीपीएस जमिनीच्या मानाने वेग सांगतो, आमिषाला मात्र पाण्याच्या मानाने किती वेग मिळतो त्याच्याशीच देणेघेणे असते. समजा प्रवाह ताशी 1 मैलाचा आहे. प्रवाहाबरोबर जाताना तुमच्या 2.8 पैकी आमिषाला 1.8 मैलच मिळतात आणि फ्लॅशर फिरायचे सोडून नुसता डुलतो. उलट फिरलात की त्याच 2.8 वर आमिषाला 3.8 मैल लागतात आणि ते शिनूकसाठी फार होतात. म्हणजे दोन्ही दिशांना तुम्ही चुकीच्या वेगाने जात होता.

मोजायचे कसे? तारेचा कोन बघा. पाण्यात शिरणारी तार उभ्या रेषेपासून किती मागे झुकली आहे, हाच तुमचा खरा वेगमापक. एखाद्या दिवशी मासा लागला तर त्या क्षणीचा कोन लक्षात ठेवा आणि नंतर दिशा बदलली तरी थ्रॉटल कमी-जास्त करून तोच कोन राखा. जीपीएसवर मग एकीकडे 3.4 दिसेल आणि दुसरीकडे 1.9, त्याने बिचकू नका. दुसरी खूण रॉडच्या टोकाला असते. 11 इंची फ्लॅशर पूर्ण गोल फिरत असेल तर टोक एका लयीत ठक-ठक हलते. लय तुटली तर वेग कमी झाला आहे, किंवा गवत अडकले आहे, किंवा एखादे छोटे पिल्लू लागून मागे ओढले जाते आहे.

पाण्याच्या मानाने सरासरी वेगाचे आकडे असे (कोहो आणि पिंक याही सॅल्मनच्याच जाती) : शिनूकला 2 ते 2.8 मैल, कोहोला 2.5 ते 3.5. कोहो पाठलाग करणारा मासा आहे, त्याला पळते आमिष आवडते. पिंकला मात्र 2 किंवा त्याहून कमी.

आता खोली. काउंटर सांगतो किती फूट तार बाहेर गेली. गोळा किती खोल आहे ते तो सांगत नाही. तार 30 अंश झुकली असेल तर 120 फुटांच्या तारेवर गोळा साधारण 104 फुटांवर असतो. 45 अंश झुकली तर जेमतेम 85 फुटांवर. मोसमातला शिनूक अशा उंचवट्यांवर बहुतेक वेळा तळापासून 5 ते 10 फुटांच्या पट्ट्यात असतो. तुमचे आमिष त्याच्या डोक्यावरून 15-35 फूट वर जात होते. म्हणून तळाचाच हिशेब ठेवा : गोळा सावकाश खाली सोडा, तळाला हलकेच टेकला की तार क्षणभर सैल पडते, लगेच 5 फूट वर घ्या. तळ वर येत असेल तर गोळाही उचलत जा. डाउनरिगरच्या बटणावरून हात फार वेळ दूर ठेवता येत नाही, शिनूकच्या ट्रोलिंगमध्ये खरे काम हेच आहे.

दिशेबद्दल इतकेच की शिनूकसाठी शक्यतो प्रवाहाबरोबर जा. बार संपला की गोळा वर घ्या, परत सुरुवातीच्या टोकाला या आणि पुन्हा उतरा. उधाणाच्या दिवसांत प्रवाह इतका तीव्र असतो की भरती-ओहोटी पालटण्याच्या आगेमागेचा तासच कामाचा. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, जास्त वेळ मिळतो, नवख्यांनी तेच दिवस निवडावेत.

प्रश्न : फ्लॅशरच्या मागे आमिषापर्यंतची दोरी किती लांब ठेवायची? दुकानात प्रत्येक जण वेगळे सांगतो. (एक वाचक, रिचमंड, ब्रिटिश कोलंबिया)

उत्तर : वेगळे सांगतात कारण ते वेगवेगळ्या आमिषांबद्दल बोलत असतात. हूची, म्हणजे रबरी माकूल, स्वतः काहीच हालचाल करत नाही. फ्लॅशर फिरताना जो झटका देतो तोच तिचा जीव. म्हणून लीडर, म्हणजे फ्लॅशर आणि आमिष यांच्यामधली ही दोरी, आखूड, 28 ते 36 इंच, आणि जाड, 40 पौंडी. मऊ आणि लांब लीडरवर झटका वाटेतच विरतो आणि हूची मेल्यासारखी मागे लोंबकळते.

स्पूनला, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषाला, स्वतःची हालचाल असते. त्याला 40 ते 60 इंचांची मोकळीक द्या, 30 पौंडी लीडर पुरे. साडेतीन इंची स्पून हेरिंगच्या पिल्लाएवढा दिसतो, त्यावर शिनूक आणि कोहो दोन्ही येतात.

खरी हेरिंग किंवा अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्या कुळातली) प्लास्टिकच्या टोपीत बसवून ओढायची असेल तर 5 ते 6 फूट. पण लीडर रॉडच्या लांबीला शोभेल इतकाच असावा. फ्लॅशर रॉडच्या टोकाशी येऊन अडकतो, त्यापुढे रीळ फिरवता येत नाही, आणि लीडर फार लांब असेल तर मासा जाळ्याच्या टप्प्यात येतच नाही. आमिषाचे मासे आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवा : 1 लिटर पाण्याला 1 कप आयोडीन नसलेले जाडे मीठ, क्लोरीन नसलेले पाणी, आणि सगळे बर्फगार. मांस घट्ट होते, खवले टिकतात. खवले गळालेल्या हेरिंगकडे सॅल्मन फिरकत नाही.

सुरुवात स्पूनने करा. त्यात चुकायला जागा कमी.

प्रश्न : गेल्या मोसमात सात मासे लागले, बोटीत दोनच आले. दर वेळी अर्ध्या वाटेत सुटतो. गळ तर धारदार आहेत. (एक वाचक, टॅकोमा)

उत्तर : इथे सॅल्मनसाठी बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे, म्हणजे टोकामागचा उलटा काटा नसलेला. अशा गळावर दोरी एक क्षण सैल पडली की मासा गेला. त्यामुळे सुटण्याची कारणे शोधायची तर ढील कुठे कुठे पडते ते शोधायचे.

पहिली ढील दोरी क्लिपमधून सुटते तेव्हा. रॉडचे टोक एकदम सरळ होते. लोक त्या वेळी रॉड उचलून जोरात झटका देतात. तसे करू नका. रॉड होल्डरमधून काढताना टोक खाली ठेवा आणि वजन लागेपर्यंत जितक्या वेगाने जमेल तितक्या वेगाने रीळ फिरवा. शिनूक बऱ्याचदा आमिष घेऊन वर, बोटीकडे धावतो, त्यामुळे तो नाहीच असे वाटते. फिरवत राहा.

दुसरी, बोट थांबवल्यावर. मासा लागताच इंजिन न्यूट्रलला टाकणे ही सगळ्यात सवयीची चूक. बोट गिअरमध्ये संथ चालू द्या. मासा मागे किंवा बाजूला राहील असे सुकाणू धरा. सोबतच्या माणसाने गोळा वर घ्यायचा, नाहीतर मासा शेवटी तारेभोवती फिरतो.

तिसरी, रॉड वर-खाली करून मासा उचलताना. खाली येताना दोरी तुमच्या रिळापेक्षा लवकर सैल होते. नवख्याने रॉड उपसण्यापेक्षा तो सतत वाकलेला ठेवून सावकाश गुंडाळावे.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोरीला धरणारा ब्रेक, किती घट्ट आहे तेही तपासा. 25 पौंडी तंगुसाला 5 ते 6 पौंड पुरेत. दोरीला स्प्रिंगचा काटा लावून घरीच मोजा. घट्ट ड्रॅगवर मोठा शिनूक बोट बघताच जी शेवटची धाव घेतो त्यात गळ मांस फाडून निघतो. कोहो वेगळा, तो पृष्ठभागावर गरगर फिरतो आणि लीडरला पीळ घालतो, तिथे चांगले बॉल बेअरिंगचे स्विव्हल (फिरती कडी) नसेल तर लीडर तुटतो.

आणि जाळे. ते पाण्यात स्थिर धरायचे, मासा डोक्याकडून त्यात आणायचा, मग उचलायचे. शेपटीकडून जाळे मारले की मासा पुढे झेपावतो आणि गळ जाळ्याच्या दोऱ्यात अडकून निघून येतो. रॉडवाल्याने दोन पावले मागे सरकले तर मासा आपोआप जाळ्यावर येतो. याचाही सराव करा, बादली ओढून केला तरी चालेल.

गळ धारदार आहे म्हणता, तर नखावर हलके ओढून बघा. घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. तळाला एकदा घासलेला गळ बोथटच समजा.

प्रश्न : गोळा तळाच्या खडकात अडकला आणि बोटीची मागची बाजू खाली ओढली गेली. घाबरून गेलो. अशा वेळी काय करायचे? (एक वाचक, टॅकोमा परिसर)

उत्तर : घाबरण्यासारखेच आहे ते. प्रवाहात मागच्या बाजूने नांगरलेल्या बोटीवर पाणी चढते. ताबडतोब न्यूट्रल, आणि डाउनरिगरचा ब्रेक सैल करून तार मोकळी सुटू द्या. मग रॉडची दोरी गुंडाळून बाजूला घ्या आणि बोट सावकाश गोळ्याच्या पलीकडे, ज्या दिशेने तुम्ही आलात त्या दिशेला नेऊन तिथून तार ओढा. अडकला त्याच्या उलट बाजूने बहुतेक गोळे सुटतात. तार हाताला गुंडाळून कधीच ओढू नका. प्रवाह जोराचा असेल, लाटा असतील, तर वेळ घालवू नका, तार कापा. तारा कापायची पक्कड डाउनरिगरशेजारी दोरीने बांधलेली असावी. शिशाचा गोळा पुन्हा घेता येतो.

प्रश्न : पकडलेला मासा ठेवायचा की सोडायचा, हे ऐन वेळी कळत नाही. शिवाय मोसम मध्येच बंद होतो, असे का? (एक वाचक, कर्कलंड)

उत्तर : जाळे लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या : जात कोणती आणि चरबीचा पर आहे का. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्या मधोमध एक बोटाच्या पेराएवढा मांसल पर असतो. संवर्धन केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापलेला असतो. जागा गुळगुळीत दिसली तर मासा केंद्रातला, पर शाबूत असला तर तो जंगली समजून चालायचे. शिनूक आणि काही भागांत, काही काळ कोहोही, फक्त पर कापलेलाच ठेवता येतो.

जात ओळखायला तोंड आणि शेपटी बघा. शिनूकच्या हिरड्या काळ्या, आणि ठिपके शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर. कोहोच्या दातांच्या मुळाशी हिरडी पांढरी, ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. पिंकच्या शेपटीवर मोठे लंबगोल डाग आणि खवले अगदी बारीक. सॉकाय आणि चम यांना ठळक ठिपके नसतात. साउंडमध्येच राहणाऱ्या अपरिपक्व शिनूकला स्थानिक लोक ब्लॅकमाउथ म्हणतात, तो वेगळा मासा नव्हे.

सोडायचा मासा बोटीत घेऊ नका, पाण्याबाहेरही काढू नका. आकड्याचे टोक असलेले हूक काढायचे साधन मिळते. ते लीडरवरून गळापर्यंत सरकवा, हात वर उचला, मासा स्वतःच्या वजनाने सुटतो. हाताने धरला की खवले आणि त्यावरचा चिकट थर जातो आणि तो मासा नंतर मरतो. ठेवायचा मासा मात्र लगेच परवान्यासोबतच्या नोंदपत्रावर लिहायचा, धक्क्यावर परतल्यावर नव्हे.

मोसमाचे कारण समजून घेतले तर चीड येणार नाही. प्युजेट साउंडचा शिनूक 1999 पासून संकटग्रस्त प्रजातींच्या संघराज्य कायद्याखाली आहे. 1974 च्या बोल्ट निकालाने करारबद्ध आदिवासी जमातींचा पकडण्यायोग्य माशांतला निम्मा हक्क मान्य केला. त्यामुळे राज्य आणि जमाती दर वसंतात एकत्र बसून प्रत्येक भागाचा कोटा ठरवतात. जुलै-ऑगस्टमधला शिनूकचा कोटा काही भागांत थोड्याच दिवसांत भरतो आणि तो भाग बंद होतो. निघण्याच्या आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा नियम वाचा, छापील पुस्तिका तेवढ्यापुरती पुरत नाही.

नवख्यांना आमचा आवडता काळ शिनूकचा नाहीच. सप्टेंबरमधला कोहो वरच्या 20 ते 60 फुटांत मिळतो, तळ सांभाळावा लागत नाही. आणि विषम सालांत ऑगस्टमध्ये पिंक येतो, 2025 मध्ये आला, आता 2027 मध्ये. पांढरा फ्लॅशर, छोटी गुलाबी हूची, संथ वेग. मुलांना घेऊन शिकायला याहून चांगला मासा नाही.

प्रश्न : यजमानांनी बोट घेतली आहे. दोन्ही मुलांना पोहता येते. तरी पाण्यावर जाताना माझा जीव खालीवर होतो. नेमकी कोणती काळजी घ्यायला सांगू? (एक वाचक, रेंटन)

उत्तर : ताई, पोहता येण्यावर इथे विसंबू नका. साउंडचे पाणी ऐन उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी 10 ते 13 अंश सेल्सिअस असते. पडताक्षणी धाप लागते, ती आवरायला साधारण 1 मिनिट लागते. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती सुमारे 10 मिनिटे. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण जाकीट नसेल तर माणूस त्याच्या कितीतरी आधी बुडतो. म्हणून जाकीट बाकाखाली नको, अंगावर हवे, मोठ्यांच्याही. 19 फुटांपेक्षा लहान बोटीत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते घालणे कायद्यानेही बंधनकारक आहे.

यजमानांना वॉशिंग्टनचे बोटचालक शिक्षणपत्र आहे का, विचारा. 1 जानेवारी 1955 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला 15 हॉर्सपॉवर किंवा जास्त ताकदीची बोट चालवायला ते लागते. (कॅनडात त्यांचे स्वतःचे चालकपत्र लागते.)

एक गैरसमज फार धोक्याचा आहे. पुष्कळांना वाटते, आपण मासे धरत आहोत म्हणजे इतरांनी वाट द्यावी. सागरी नियमांत ट्रोलिंग करणारी बोट ‘मासेमारीत गुंतलेली’ धरली जात नाही. ती इतर यांत्रिक बोटींसारखीच. फेरीबोटी आणि मालवाहू जहाजे यांच्या मार्गात थांबायचे नाही, वळायला त्यांना जागा लागते आणि ती त्यांच्याकडे नसते. जहाजाच्या लाटा येताना दिसल्या की बोटीची नाळ (पुढचे टोक) त्यांच्याकडे तिरकी करा, बाजूवर घेऊ नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पहाटे धुके असेल तर धक्क्यावरच थांबा. रेडिओ 16 क्रमांकावर सुरू ठेवा.

ऑर्का देवमासे दिसले तर दोऱ्या वर घ्या. दक्षिणेकडच्या निवासी ऑर्कांपासून 1,000 यार्ड दूर राहणे 1 जानेवारी 2025 पासून वॉशिंग्टनमध्ये सक्तीचे आहे. त्यांची संख्या सत्तरीच्या आसपास उरली आहे आणि त्यांचे मुख्य अन्न शिनूकच आहे.

प्रश्न : लेक ऑन्टारिओत भरती-ओहोटी नाही. मग वेगाची ही सगळी भानगड आम्हाला लागू नाही ना? (एक वाचक, मिसिसॉगा)

उत्तर : लागू आहे. सरोवरात वाऱ्यामुळे प्रवाह होतात आणि वरचा एका दिशेला, खोलचा दुसऱ्या दिशेला असू शकतो. तारेचा कोन तिथेही बघायचाच. पण तुमच्याकडे पहिला प्रश्न तापमानाचा. उन्हाळ्यात वर कोमट पाणी, खाली थंड, आणि मध्ये एक पातळ थर जिथे तापमान झपाट्याने उतरते. शिनूक 10 ते 13 अंशांच्या पाण्यात राहतो, म्हणजे या थराच्या आसपास. वारा एक-दोन दिवस एकाच दिशेने वाहिला की तो थर वर येतो किंवा खोल जातो आणि काल जिथे मासे होते तिथे आज काहीच नसते. गोळ्याजवळ तापमान आणि वेग मोजणारी उपकरणे मिळतात. महाग आहेत, पण सरोवरात दुसऱ्या डाउनरिगरच्या आधी तीच घ्या.

तिथला शिनूक मूळचा प्रशांत महासागराचा, 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून सोडलेला. सरोवराचा स्वतःचा अटलांटिक सॅल्मन 19व्या शतकाच्या अखेरीस संपला. आणि मोठा मासा खाण्याआधी ऑन्टारिओ सरकारचे मासे खाण्याबाबतचे मार्गदर्शन जरूर बघा. प्रदूषकांमुळे मोठ्या शिनूकसाठी, विशेषतः गर्भवती आणि मुलांसाठी, महिन्याला किती वेळा खावा याची मर्यादा दिलेली असते.

प्रश्न : रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात. मग सॅल्मनही रावसासारखाच करायचा का? आणि आमच्याकडे मासा घरी येईपर्यंत मऊ पडतो. (एक वाचक, रेडमंड)

उत्तर : नावापलीकडे दोघांचे नाते नाही. रावस वेगळ्या कुळातला, त्याचे मांस पांढरे. सॅल्मनमध्ये तेल जास्त, म्हणून रश्शात तो शेवटी सोडायचा आणि पाच-सहा मिनिटांत गॅस बंद करायचा. उकळत ठेवला की भुगा होतो. शिनूक तव्यावर किंवा निखाऱ्यावरच चांगला. कोहोच्या तुकड्या आंबट-तिखट कालवणाला उभ्या राहतात. डोके आणि काटा टाकू नका, सार उत्तम होते.

मऊ पडण्याचे कारण स्वयंपाकघरात नाही, बोटीत आहे. मासा आत आला की डोक्यावर एक घाव, लगेच कल्ल्यांची एक कमान कापायची आणि त्याला पाण्याच्या बादलीत डोके खाली करून पाच मिनिटे रक्त जाऊ द्यायचे. मग पोट साफ करा, कण्याच्या आतल्या बाजूची काळपट रक्ताची रेघ चमच्याने खरवडा. ती राहिली तर दुसऱ्या दिवशी वास मारतो. नंतर नुसता बर्फ नको, बर्फ आणि समुद्राचे पाणी मिसळून त्यात मासा पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाचे खडे माशाला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी सगळीकडून गार करते. 18 फुटी बोटीत दोन-तीन माशांसाठी 20 पौंड बर्फ न्या. ताजा मासा कच्चा खायचा विचार असेल तर तो आधी उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवा, जंगली सॅल्मनमध्ये कृमी असतात. घरचा साधा फ्रीझर तेवढा गार होतोच असे नाही, आत थर्मामीटर ठेवून बघा.